जिन्याखालचं पीठ

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून मीही शाळेत जाते. चौतिसाव्या वर्षी! सकाळी वेणी घालून घेताना दिशाने विचारलं, तुलापण मधल्या सुट्टीत डबा खायचा असतो का गं? दोघींचे डबे भरले, दोघींच्या बाटल्या भरल्या आणि मुलुंडच्या या नव्या खोलीतून चालतच निघालो. मागे डोंगर, पुढे शाळेचं पिवळं फाटक. साकीनाक्याला आमच्या खिडकीतून शेजारच्या गाळ्याचा पत्रा तेवढा दिसायचा. इथे बुलबुल दिसला. माझं मन एकदम हलकं झालं.

माझ्या हुद्द्याचं नाव घेताना अजून मलाच हसू येतं. कीड व्यवस्थापन समन्वयक. म्हणजे झुरळं, उंदीर, मुंग्या आणि डास यांची कारभारीण. इतकी वर्षं एका कंपनीत पाठीला टाकी बांधून फवारे मारत हिंडले. घरात दोन पंप होते, एक माझा विष मारायचा आणि एक दिशाचा दम्याचा. मी घरी आले की माझ्या कपड्यांच्या वासाने तिचा श्वास अडकायचा. डॉक्टर म्हणाले, बाई, दोन्हीतला एकच पंप ठेवा. मी तिचा ठेवला. दिशाचे बाबा नाशिकला दुसरा संसार मांडून बसलेत, त्यामुळे कुणाला विचारायचा प्रश्न नव्हता.

या शाळेत फवारा बंद म्हणजे बंद. मुख्याध्यापिका गंधाली मॅडमनी मुलाखतीतच सांगितलं, मुलांच्या वर्गात विष नको, दुसरा रस्ता असेल तर बोला. मी बोलत सुटले. कीड मारत बसायचं नाही. तिचं खाणं तोडायचं, पाणी तोडायचं, वाट बुजवायची, ती आपली आपण जाते. मॅडमनी मला नोकरी दिली आणि दिशाला दुसरीत घेतलं. मला आणखी काय हवं होतं!

ही वही कमरेच्या पिशवीत राहणार. धंद्यात एक गोष्ट बरी शिकवली होती, जे दिसेल ते जागच्या जागी लिहायचं. घरी जाऊन लिहिलं की डोकं त्याला स्वतःची फोडणी घालतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस नुसती शाळा पालथी घातली. सगळ्यांना वाटतं झुरळं कॅन्टीनमध्ये. कॅन्टीनवाला बिचारा स्वच्छ आहे. झुरळांचं खरं माहेर शिक्षकांची खोली! एकेका खणात फरसाण, खारी, अर्धी चिक्की, उघडा साखरेचा डबा. मी खण उघडत गेले आणि एकेक बाई फळ्याकडे बघत राहिली. सगळ्यांना घट्ट झाकणाचे डबे आणायला सांगितले. एका सरांनी चेष्टा केली की आता बाई आमचे खिसे तपासणार. मी म्हटलं, खिशात मुंग्या झाल्या तर तेही तपासीन.

बागेतल्या हौदात गप्पी मासे सोडले. टाकीचं झाकण बसवलं. दाराखालच्या फटींना रबरी पट्ट्या लावायला घेतल्या. कोपऱ्याकोपऱ्यात चिकटपट्ट्या ठेवल्यात, त्या मारायला नाहीत, मोजायला आहेत. कुठे किती कीड आहे ते आधी कळलं पाहिजे.

दिशाला शाळा आवडली. पण दमा आहेच. रात्री पंप दोनदा लागला. तिचा तो आवाज, दाराच्या फटीतून वारा यावा तसा बारीक, शेवटी वर चढणारा, मी झोपेतही ओळखते. पंप ओढून झाला की श्वास धरून दहापर्यंत मोजायला मी तिला शिकवलंय. ती बोटांवर मोजते आणि आठ झाले की हसते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळेतली माझी पहिली मैत्रीण रत्नप्रभा मावशी. मालवणकडच्या, इथे वर्षानुवर्षं झाडलोट करतात. माझं मूळ गाव कणकवलीकडचं आहे हे कळल्यावर त्यांनी मला चहा दिला आणि तेव्हापासून त्या मला बाय म्हणतात. मला मालवणी समजते पण बोलता येत नाही. आजोबा गिरणीत आले ते आलेच, गावचं सगळं काकांकडे राहिलं. मी गावी गेले ती फक्त मे महिन्यात आंबे खायला.

मावशींनी शाळा आरशासारखी ठेवलीय. फक्त मागच्या जिन्याखाली त्या झाडत नाहीत. तिथे एक तिरपी भिंत आहे आणि भिंतीत जमिनीलगत एक भोक, माझा हात जाईल एवढं. मुंग्यांची सगळ्यात मोठी रांग तिथेच. आज कारण सापडलं. भोकाच्या तोंडाशी अर्धं ग्लुकोजचं बिस्कीट ठेवलेलं होतं.

कुणाचं म्हणून विचारलं तर मावशींनी खाली बघितलं. म्हणाल्या, माझ्याच चहातलं, रोज ठेवते, मुंगीच्या मुखी जातं. मी त्यांना गोड बोलून समजावलं की मावशी, इथे रोज ताट वाढलंत तर माझी सगळी मेहनत पाण्यात. थोड्या वेळाने स्वतः येऊन बिस्कीट उचलून घेऊन गेल्या. माझंच मन चुटपुटलं. वयाने एवढ्या मोठ्या बाईला हटकलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

चिकटपट्ट्या बघितल्या. खणांतली झुरळं निम्म्याने कमी. गंधाली मॅडमनी पालकसभेत माझं नाव घेतलं. झकास वाटलं!

आता वाटा बुजवायच्या. इथे आमच्या धंद्यातला पहिला नियम: आत कोण आहे हे कळल्याशिवाय भोक बुजवायचं नाही. नाहीतर प्राणी आतच मरतो आणि महिनाभर वास येतो. कळायचं कसं? सोपं आहे. वर्तमानपत्राचा बोळा करून भोकात सैल बसवायचा आणि तीन दिवस थांबायचं. आत कोणी असेल तर बोळा ढकलून बाहेर टाकतं. बोळा जागचा हलला नाही तर आत कोणी नाही. मग बुजवायला मोकळे.

शाळा सुटल्यावर माझं काम संपेपर्यंत दिशा मागच्या जिन्यात बसून अभ्यास करते. आज तिने बोळे करून दिले. तिला नीट बजावलं, काही झालं तरी आईच्या बोळ्याला हात लावायचा नाही, बोळा हलला की आईचं काम फुकट जातं. तिने गळ्याला चिमटा काढून शप्पथ घेतली. आमची दिशा शब्दाची पक्की आहे. एकदा सांगितलं की सांगितलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

बाकीचे सगळे बोळे जागच्या जागी. जिन्याखालचा बाहेर पडलेला.

मावशी आज गावी गेल्या, जत्रेला. तीन आठवडे रजा. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, मी येईपर्यंत ते अर्धं बिस्कीट तेवढं ठेवत जा, बाय. मी हो म्हटलं. ठेवणार नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं.

२ डिसेंबर, मंगळवार

जिन्याखाली पुन्हा पुन्हा बोळा घालते, पुन्हा पुन्हा बाहेर. घूस असावी असं वाटत होतं. पण घूस कागद फाडते, नख्यांचे ओरखडे उठतात. हा बोळा फाटलेला नाही. ओला आहे. चघळल्यासारखा. आणि त्यावर दातांच्या खुणा आहेत, बारीक, सारख्या, अर्धगोलात. उंदराचे पुढचे दोन दात असे उमटत नाहीत.

शाळेत साडेसातशे मुलं आहेत, त्यातल्या एखाद्या कार्ट्याचा उद्योग असणार. चघळून ठेवलं आणि पळालं. माझ्या चिकटपट्टीवर कालच कुणीतरी खोडरबर चिकटवून ठेवला होता!

तरी त्या कोपऱ्यात एक गोष्ट चमत्कारिक आहे. तिथल्या चिकटपट्ट्या कोऱ्या आहेत. मुंगी नाही, कोळी नाही, साधं चिलट नाही. बिस्कीट गेलं, मुंग्या गेल्या, हे माझंच तत्त्व. पण एवढं पटकन? कोळी तर बिस्कीट खात नाही.

३ डिसेंबर, बुधवार

पायांचे ठसे घ्यायचे ठरवलं. कंपनीत आम्ही पांढरी पावडर टाकायचो, शाळेत ती चालणार नाही. घरून घावनांचं तांदळाचं पीठ नेलं आणि भोकासमोर चाळणीने एकसारखं पसरलं. मावशींच्या जागी आलेल्या सफाईवाल्या मुलीचा झाडू फिरू नये म्हणून वर टोपली पालथी घातली, कडेला दगड लावून उंदीर जाईल एवढी फट ठेवली. टोपली दिशाची, हस्तकलेची. वर्गबाईंच्या नियमाप्रमाणे तिच्यावर जाड पेनाने नाव घातलेलं, दिशा. जिन्याखाली अंधार असतो, कुणाचा पाय लागू नये म्हणून टोपलीशेजारी बॅटरीवरचा छोटा दिवा ठेवला.

दिशा म्हणाली, आई, पूजा केल्यासारखं दिसतंय. खरंच दिसत होतं. दोघी हसलो.

४ डिसेंबर, गुरुवार

टोपली जागची हललेली नाही, दगडसुद्धा तसेच. आणि पिठावर एक पाऊल. अनवाणी, लहान मुलाचं, सहा-सात वर्षांचं. उजवं. भिंतीकडून बाहेर येणारं.

आधी दिशाचाच संशय आला, पण ती नाही. तिचे तळवे सपाट आहेत, म्हणून तर बुटात गादी घालावी लागते. तिचं ओलं पाऊल फरशीवर भाकरीसारखं सबंध उमटतं. या पावलाला मध्ये खोल कमान आहे आणि करंगळी टेकलेलीच नाही. ठशांच्या बाबतीत मी चुकत नाही, आयुष्य त्यात गेलंय.

म्हणजे कुणीतरी टोपली उचलली, पाऊल ठेवलं, दगड पुन्हा होते तसे लावले. हुशार कार्टं आहे. पण मी त्याच्या वरताण. उद्या टोपली नाही, काही नाही, जिन्याखाली सगळीकडे पीठ पसरते. मग बघू कसा सापडत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज दिशाला फटका मारला. मारायला नको होतं.

शाळा सुटल्यावर मला कॅन्टीनमध्ये उशीर झाला. जिन्यापाशी आले तर ही अनवाणी उभी. बूट कुठे? माहीत नाही. मोजे? माहीत नाही. महागाचे बूट, आतली गादी वेगळी करून घेतलेली. सगळे वर्ग शोधले. शेवटी राग अनावर झाला. ती रडली नाही. माझ्याकडे टक लावून बघत राहिली आणि मग एकदम कमरेला मिठी मारली. इतकी घट्ट की मलाच रडू आलं.

पिठात मात्र माग सापडला. शाळेच्या बुटांचे ठसे, भिंतीकडे जाणारे, टाचेची आतली बाजू झिजलेली. आणि भिंतीकडून बाहेर येणारी तीच अनवाणी पावलं. म्हणजे कार्टं तिथे बूट काढून बसतं आणि हातात घेऊन परत जातं. पायांत सापडू नये म्हणून! सोमवारी वर्गावर्गात बूट तपासते.

आज बोळा पुन्हा घातला.

८ डिसेंबर, सोमवार

बोळा हललेला नाही. शुक्रवार, शनिवार, रविवार, जसाच्या तसा. खोडसाळ पोरगं घाबरलं बहुतेक. नियमाप्रमाणे बोळा आत सारला, वर तारेची घासणी ठासली आणि सिमेंट लावून भोक बुजवून टाकलं. हातासरशी थोडी सफेदी मारली. आता कळतही नाही तिथे काही होतं म्हणून.

मॅडम बघायला आल्या. म्हणाल्या, उत्तराताई, दुसऱ्या शाळांना दाखवायला नेऊ या तुमचं काम. माझी कॉलर ताठ.

१० डिसेंबर, बुधवार

शुक्रवारपासून दिशाला पंप लागलेला नाही! एकदाही नाही. रात्रभर मी कान देऊन जागी असते आणि ती शांत झोपते, कूस बदलत नाही, घोरत नाही, काही नाही. इतकी वर्षं ज्यासाठी जीव काढला ते झालं. सकाळी देवापुढे साखर ठेवली. डोळ्यांतून पाणी आलं माझ्या.

जरा हट्टी झालीय एवढंच. बूट घालत नाही, रोज फाटकापाशी चपला पायांत कोंबाव्या लागतात. डबा खात नाही. ग्लुकोजचं बिस्कीट मागते, जे तिला कधीच आवडायचं नाही. अर्धं खाते आणि अर्धं माझ्या हातावर ठेवते. आणि दिवसभर आई, आई. मी समोर असले तरी आई. मी ओ दिली की तिचा चेहरा असा फुलतो, जणू पहिल्यांदाच कुणी ओ दिली.

१३ डिसेंबर, शनिवार

डोंगरालगतची खोली, संध्याकाळी डास चाळणीने चाळून घ्यावेत एवढे. माझे पाय फोडून काढलेत. दिशाच्या अंगावर एक चावा नाही.

मी सहज म्हणून बघत बसले. डास तिच्याजवळ जातच नाहीत. तिच्या बिस्किटाचे कण चटईवर पडले होते, मुंगी आली नाही.

कंपनीत नव्या मुलांना मीच शिकवायचे. डास माणसाला कसा शोधतो? रंगाने नाही, आवाजाने नाही. श्वासावर येतो.

काय वेड्यासारखं लिहितेय मी. उद्या डॉक्टरांकडे नेते.

१५ डिसेंबर, सोमवार

डॉक्टरांकडे नेलं नाही. ती दारातच बसली, चौकट धरून. ओढली तर ओरडली नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली. सोडून दिलं.

झोपते पलंगाखाली. फक्त रात्रीच नाही, भर दुपारीही. आत सरकून भिंतीला पाठ लावून. बाहेर ये म्हटलं की येते. लगेच येते, ऐकते सगळं. हात थंड असतात.

तिला दगडी पाटीवर नाव लिहायला सांगितलं. दि काढला. शा काढला. मग त्यावरून बोट फिरवत बसली. नवीन कपड्यावरून फिरवतात तसं.

१८ डिसेंबर, गुरुवार

मावशी आल्या. जत्रेतलं गोड खाजं आणलंय माझ्यासाठी.

जिन्याखाली गेल्या आणि भिंतीसमोर उभ्या राहिल्या. मी कौतुकाने सगळं सांगितलं. बोळा, पीठ, टोपली, दिवा. टोपलीवर त्यांनी मला थांबवलं. भिंतीला हात टेकून खाली बसल्या.

"कोणाचा पीठ ठेवलंस गो बाय?"

मला कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. गावाकडे माणूस गेला की त्या जागी पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात, वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलायची. पिठावर ज्याचं पाऊल उमटेल, त्या जन्माला जीव गेला. गाईचं, पाखराचं, माणसाचं. ज्याचं पीठ, त्याचं नाव घेऊन ठेवायचं. असं कुणाचंही ठेवत नाहीत.

मी म्हटलं, मावशी, मी उंदराचं ठेवलं होतं. हसले मी. त्या हसल्या नाहीत.

ही इमारत बांधून शाळा सुरू झाली तरी जिन्याखालच्या खोपटात एका गवंड्याचं बिऱ्हाड राहिलं होतं. दिशाएवढी त्यांची पोर. मावशी चहा घ्यायच्या तेव्हा ती समोर येऊन बसायची, मावशी तिला अर्धं बिस्कीट द्यायच्या. मे महिन्याच्या सुट्टीत शाळा बंद करून फवारा मारला, खिडक्या-दारं लावून घेतली. पोर आत निजलेली. कुणी बघितलंच नाही. आईबापाने तिला उचलून नेलं ते कुठल्या मुलखात, कुणाला ठाऊक नाही. इथे तिच्यासाठी कुणी काही केलं नाही. जिन्याखाली भिंत घातली आणि संपलं.

नाव काय होतं तिचं, विचारलं मी. मावशींना माहीत नाही. सगळे ए पोरी म्हणायचे, मावशी त्यांच्या मालवणीत चेडवा म्हणायच्या.

मग त्यांनी विचारलं, टोपली कुठली घेतलीस. मी सांगितलं. वर काय लिहिलं होतं तेही सांगितलं.

मावशींनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. रडत होत्या.

"त्या चेडवाक नाव नव्हता, बाय. तू दिलंस."

१९ डिसेंबर, शुक्रवार

दोघींनी सुट्टी घेतली. ऊन आहे. खिडकीत बुलबुल बसायचा, हल्ली येत नाही.

खेळ म्हणून सांगितलं. दारापासून पलंगापर्यंत पीठ पसरलं आणि म्हटलं, ये, आईकडे चालत ये. देवा, सपाट उमटू दे. भाकरीसारखं उमटू दे. आयुष्यभर तुझ्याकडे काही मागणार नाही.

ती आली. हसत आली.

खोल कमान. करंगळी नाही.

सगळी पावलं तशीच. तिने वाकून बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. मग हाताने सगळं पीठ पुसून टाकलं. चुकलं म्हणाली. आई, पुन्हा नाही करणार म्हणाली.

मी तिला जवळ घेतलं. काय करू? ती माझ्या कुशीत थरथरत होती. कुणाची तरी लेक आहे.

पण माझी कुठे आहे?

शुक्रवार. पाच तारीख. बुटांचे ठसे भिंतीकडे. टाचेची आतली बाजू झिजलेली. सपाट तळव्याची मुलंच बूट असे झिजवतात, मला माहीत होतं, मीच लिहिलंय वर, माझ्याच हाताने—

बूट आत गेले. अनवाणी बाहेर आली.

आणि मी तिला मारलं. हिला. आणि तिला—

२० डिसेंबर, शनिवार

अर्धी शाळा. मुलं गेली. मावशी हिला घेऊन फाटकाशी बसल्यात, बिस्किटाचा पुडा दिलाय. मी जिन्याखाली. छिन्नी आणलीय, हातोडी आणलीय. जागच्या जागी लिहितेय, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

भिंतीला कान लावला.

आहे. बारीक. दाराच्या फटीतून वारा यावा तसा, शेवटी वर चढणारा. माझ्या दिशाचा श्वास आहे तो. हजार मुलांत ओळखीन.

पंधरा दिवस—पंपाशिवाय—

सिमेंट कच्चं आहे, माझंच काम. निघतंय. तारेची घासणी निघाली, बोट कापलं. बोळा दिसतोय. सैल. नुसतं बोट लावलं तरी पडेल एवढा सैल. तीन दिवस हा असाच होता आणि मी म्हटलं आत कोणी नाही. ती आतच होती. तिने ढकलला नाही. का नाही ढकलला गं? का—

मी सांगितलं होतं. आईच्या बोळ्याला हात लावायचा नाही. काही झालं तरी. गळ्याला चिमटा काढून शप्पथ घेतली होती तिने. शब्दाची पक्की माझी पोर, अंधारात बसून, श्वास अडकलेला, समोर कागदाचा बोळा आणि त्याला हात नाही लावला. आई येईल म्हणून. आणि आईने वरून सिमेंट—

बोळा मी काढला. म्हटलं, दिशा, आता चालेल. आई सांगतेय, आता हात लावलास तरी चालेल.

काही नाही. अंधार. श्वास अगदी जवळ.

पंप पुढे केला. भोकात. हात खांद्यापर्यंत आत. थंड आहे आत.

घेतला. कुणीतरी घेतला हातातून. बोटं—ओली, लहान—

आवाज आला. फुस्स. पुन्हा फुस्स. आता मोजतेय, मी शिकवलं तसं, भिंतीवर बोटाने टकटक करत मोजतेय. चार. पाच. मोज राजा. मी खणते. दोन विटा निघाल्या की तू निघशील. सहा. सात. आठ, आता हसेल ती, आठला हसते—

मावशी ओरडतायत फाटकातून. बाय, ती थंय गेली बघ, बाय—

पाठीमागे कुणी धावत नाही आलं. पावलांचा आवाज नाही. पण गळ्याभोवती हात पडलेत. थंड. गाल मानेवर टेकलाय, आणि मानेला श्वास लागत नाही.

रडतेय. मला पुन्हा आत नको म्हणते. आई म्हणते. मला म्हणते ती आई, आणि आतूनही आई, दोन्हीकडून, आणि हातोडी तिने धरलीय, हळूच, हट्ट नाही, विनवणी—आणि दुसऱ्या हातात बोळा आहे, मी काढून टाकलेला, तो ती भोकात—

दिशा, ढकल. माझी शप्पथ सुटली, ढकल तो, दिशा, ढक